४ फूट ११ इंच उंचीच्या बाईला बसेल अशी क्लब चेअर कशी निवडावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले. ३१ वर्षांतली बरीचशी कॅश काउंटरच्या उंच स्टुलावर गेली. पाय सतत स्टुलाच्या आडव्या दांडीवर टेकवलेले असायचे, कारण जमिनीला कधी पोचलेच नाहीत. निवृत्तीच्या पैशातले ३०,००० रुपये मी एकाच गोष्टीसाठी वेगळे ठेवलेत: माझी स्वतःची खुर्ची.

घरात बसायच्या जागा कमी आहेत असं नाही. दिवाणखान्यात सोफा आहे, टीव्हीसमोर ह्यांची ठरलेली खुर्ची आहे, ओट्यावर सासऱ्यांची कापडी आरामखुर्ची आहे. पण दुपारी कामं आटोपली की मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची खिडकीशी ओढून वाचत बसते, नाहीतर पलंगाच्या कडेवर. तास-दीड तास वाचन, थोडं क्रोशाचं विणकाम आणि मधे दहा मिनिटं डुलकी, एवढंच मला त्या खुर्चीत करायचंय. क्लब चेअर मनात भरली ती एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये. जाड गोल हात, पाठ खांद्यापर्यंत, तिन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखी बैठक. तिथे नंबर येईपर्यंत पाऊण तास मजेत गेला, पण उठताना दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

नंतर सांगली आणि कोल्हापूर मिळून सहा दुकानं पालथी घातली. पर्समध्ये शिवणाची टेप असतेच, त्यामुळे मापं घेतली. बैठकीची खोली (पुढच्या कडेपासून पाठीपर्यंत) सगळीकडे २१ ते २३ इंच, उंची १७ ते १८. पाठ टेकवून बसले की पाय अधांतरी, अगदी बालवाडीतल्या पोरासारखे. पाय टेकवायला पुढे सरकले की पाठीमागे वीतभर पोकळी. विक्रेते सांगतात, "मॅडम, मागे उशी घ्या." ३०,००० रुपये मोजून घेतलेल्या खुर्चीत पहिल्या दिवसापासून उशी घालायची हे मला पटत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती आमच्या भागातल्या लोकांना लगेच कळेल. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर साडेपाच फूट पाणी होतं. परतलो तर सोफ्याच्या तळाचा बोर्ड फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि स्पंजाला असा वास मारत होता की चार माणसांनी नाक बांधून तो गाडीत टाकला. सासऱ्यांची सागवानी आरामखुर्ची मात्र तरंगत जाऊन जिन्याला अडकली होती. धुतली, सावलीत तीन आठवडे वाळवली, नवं कापड घातलं. आजही वापरात आहे. त्यामुळे नवी खुर्ची आम्हा दोघांना उचलून वर नेता आली पाहिजे, ही माझी अटच आहे. माझं वय ५८, ह्यांचं ६३.

तयार खुर्चीत मापं थोडी कमी करून मिळतात का? करून घ्यायची झाली तर कारागिराला नेमकं काय सांगायचं? आणि चामडं, रेक्झिन की कापड?

---

पेठेतली_मीना

ताई, माझी उंची ५ फूट, त्यामुळे तुमचं दुखणं शंभर टक्के कळलं. मी पायाखाली पाट घेते, आईचा जेवायला बसायचा सागवानी पाट. अडीच इंच उंची मिळते आणि पाय गारही पडत नाहीत. तयार खुर्चीच घेणार असाल तर एवढ्यावर भागतं.

---

कृष्णाकाठ

मीना, पाट करून पाहिला. पायाला आधार मिळतो, पण उठताना तो आधी बाजूला सारावा लागतो. परवा फोन वाजला म्हणून झटकन उठले आणि पाय पाटाच्या कडेवर पडला. पडले नाही, टेबल हाताशी होतं. आणि पाटामुळे उंचीचा प्रश्न सुटतो, खोलीचा तसाच राहतो.

---

कुशनवाला_कोल्हापूर

ताई, आमचं सोफ्याचं काम वडिलांपासूनचं. तुम्ही टेप घेऊन दुकानात गेला हे लई बेस केलं. निम्मी गिऱ्हाईकं रंग बघून खुर्ची घेतात आणि सहा महिन्यांनी आमच्याकडं येतात.

तयार खुर्चीची उंची कमी करणं सोपं. पाय स्क्रूचे असतात, ते काढून बुटके लावायचे, नाहीतर कापायचे. खोलीचं तसं नाही. बैठकीची खोली सांगाड्यातच ठरलेली असते. ती कमी करायची म्हणजे पाठीवर तीन-चार इंच स्पंज चढवायचा, म्हणजे पाठीचं कापड नवं, पायपिंग नवी आणि हात पुढं लांबलचक राहतात ते वेगळंच. त्या खर्चात नव्या खुर्चीची निम्मी मजुरी निघती. करूनच घ्या.

पण कारागिराकडं जायच्या आधी घरी एक काम करा. लोखंडी ट्रंक किंवा पेटी भिंतीला लावा, त्याच्यावर रद्दीचे गठ्ठे रचा, वर गोधडी दुमडून टाका आणि बसा. एकेक गठ्ठा काढत-घालत कुठल्या उंचीला बरं वाटतंय ते बघा. पाठीमागं उशा लावून खोली कमी-जास्त करा. प्रत्येक वेळी वीस मिनिटं तरी बसा, पाच मिनिटांत सगळंच चांगलं वाटतं. मग टेपनं माप घ्या. माप घेताना दुसऱ्या माणसानं घ्यायचं, बसणाऱ्यानं वाकायचं नाही.

आता आतल्या मालाचं. सांगाडा सागाचा घ्या. बाभळीचाही करतात, पण जड होतो, आणि तुम्हाला उचलायचाय. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) कुठंच घालू देऊ नका, पाठीच्या आतसुद्धा नाही. पाठीला आणि हातांना भरायला प्लाय लागतो, तो मरीनचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मागा. सांधे लाकडात लाकूड घुसवून करायला सांगा. नुसत्या खिळ्यावरचा सांधा दोन वर्षांत कुरकुरतो. कापड चढवायच्या आधी सांगाडा बघायला जा. एक कोपरा धरून उचला. तिरपा झाला, पिळला, तर घेऊ नका.

बैठकीखाली आता बहुतेक ठिकाणी इलॅस्टिक बेल्ट मारतात. पूर्वी नवार आणि वर गोल स्प्रिंगा असायच्या, त्याला कारागीर लागतो आणि वजनही वाढतं. तुमच्या अंगाला बेल्ट पुरे. फक्त उभे-आडवे विणून घ्या आणि दोन बेल्टांत दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. त्याच्यावर ४० डेन्सिटीचा ४ इंची स्पंज, वर १ इंच मऊ थर. पाठीला ३२ डेन्सिटी चालती. हा आकडा म्हणजे एक घनमीटर स्पंजाचं किलोत वजन. त्यावरनं माल किती टिकेल ते कळतं, कडक की मऊ ते वेगळं बघावं लागतं. ४० मध्ये मऊ पण मिळतो. म्हणून तुकडा हातात घेऊन, त्याच्यावर बसून निवडा.

एक विसरू नका. बसल्यावर बैठक दीड इंच तरी दबती. १५ इंचाला पाय टेकत असतील तर मोकळी खुर्ची साडेसोळाची सांगा. हे न सांगितल्यानं लई खुर्च्या बुटक्या झाल्यात.

---

नाशिकची_फिजिओ

वरचा प्रतिसाद फार उपयोगाचा आहे. मी शरीराच्या बाजूने थोडी भर घालते.

पायांना मुंग्या आल्या त्याचं कारण खोलीच. बैठकीची पुढची कड गुडघ्यामागच्या खळग्यात रुतते आणि तिथल्या नसा, रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पाठ पूर्ण टेकलेली असताना कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं आडवी जायला हवीत. कड गोल आणि मऊ करून घ्या.

पायांखालची मोकळी जागा हा मुद्दा दुकानात कुणी बोलत नाही. खुर्चीतून उठताना आपण नकळत टाचा गुडघ्यांच्या मागे नेतो आणि अंग पुढे झुकवतो. बऱ्याच क्लब चेअर पुढून जमिनीपर्यंत कापडाने बंद असतात, टाचा मागे जायला जागाच नसते. मग माणूस हातांवर सगळा भार टाकून, झटका देऊन उठतो. आज तुम्हाला ते जमेल. पण ही खुर्ची तुम्ही वीस वर्षं वापरणार आहात ना? पुढून मोकळे, चार-पाच इंचांचे पाय ठेवा. केरसुणीही खालून फिरेल.

हातांची उंची: दंड सैल सोडून कोपर वाकवा, बैठकीपासून कोपरापर्यंत माप घ्या, त्याहून खुर्चीचे हात उंच नकोत. उंच असले की खांदे वर चढतात, आणि विणकाम करणाऱ्या बायकांची मान तिथूनच धरते. हाताचं पुढचं टोक मात्र बैठकीच्या कडेपर्यंत आलेलं असू द्या, उठताना पकडायला.

आणि डुलकी! क्लब चेअरची पाठ खांद्याशी संपते. बसून झोप लागली की डोकं मागे किंवा बाजूला लोंबतं. रोज डुलकी घेणार असाल तर पाठ सात-आठ इंचांनी वाढवा. मग ती दिसायला अस्सल क्लब चेअर राहणार नाही, तरीही वाढवा असंच मी सांगेन.

---

वेंगुर्लेकर

कापड घ्या, चेन लावून काढता येईल असं. आमच्याकडे आधी चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम, मऊ मटेरियल होतं. दुकानदाराने लेदरेट म्हणून दिलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे कपचे निघायला लागले, पांढऱ्या धोतराला काळे कण चिकटायचे. दमट हवेत वरचा थर सुटतोच. जुन्या पद्धतीचं जाड रेक्झिन तसं सोलत नाही, पण मे महिन्यात घामाने पाठ चिकटते. भावाकडे खऱ्या चामड्याची खुर्ची आहे. आषाढ-श्रावणात दर आठ दिवसांनी तिच्यावरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसावी लागते. सांगलीची हवा एवढी दमट नाही, तरी पुराची ओल तुम्ही पाहिली आहे.

---

पॅरिसकर_देशपांडे

कृष्णाकाठ, तुम्हाला ज्या मापांचा त्रास होतोय ती कुठून आली ते थोडं सांगतो. नाव आलं इंग्लंडमधल्या पुरुषांच्या क्लबांवरून. १९ व्या शतकात त्यातल्या बहुतेक ठिकाणी बायकांना सभासदत्व नव्हतंच. आज आपण जो गुबगुबीत, गोल हातांचा चामडी आकार ओळखतो तो फ्रान्समध्ये १९२० आणि ३० च्या दशकांत रूढ झाला. इथे त्यासाठी मेंढीचं कातडं वापरत. पॅरिसच्या उत्तरेला सँ-तुआँचा जुना बाजार भरतो, तिथे अशा खुर्च्या अजून विकायला असतात. माझी तिथलीच आहे. तुमचं वाचून मोजली: बैठकीची उंची १५ इंच, खोली साडेबावीस. म्हणजे बुटकी आणि खोल, पाय लांब पसरून सिगार ओढत बसणाऱ्या उंच माणसासाठी. माझी उंची ६ फूट, मला ती झकास बसते. बायको ५ फूट १, ती त्या खुर्चीत फक्त पाय वर घेऊन, आडवी बसते. हे मी दहा वर्षं रोज पाहतोय आणि कारण आज लक्षात आलं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रद्दीचा प्रयोग केला. ट्रंक सासूबाईंची, १२ इंच उंच. त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि दुमडलेली गोधडी. ह्यांनी टेप धरली. तीन दुपारी मी तिथेच वाचत बसले. शेजारच्या वहिनी येऊन "काय चाललंय?" म्हणाल्या आणि त्याही बसून बघून गेल्या.

निघालेली मापं अशी: बसल्यावर उंची १५ इंच, घरातल्या सपाता पायात असताना. पाठीपासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत माझं अंतर १७ इंच, म्हणून बैठकीची खोली साडेपंधरा. कोपर बैठकीपासून ८ इंचांवर. म्हणजे दुकानातल्या खुर्च्या मला सहा-सात इंच जास्त खोल होत्या! इतकी वर्षं मी सोफ्यावर बसून दमते म्हणून पाठीला बाम लावत होते.

मिरजेत एक कारागीर मिळाले. त्यांना कागदावर मापं दाखवली तर म्हणाले, "ही लहान मुलाची खुर्ची होतेय बाई." मी म्हटलं, मला करून द्या, मी बसून दाखवते.

---

पेठेतली_मीना

झाली का खुर्ची? दोन महिने होऊन गेले. कापड काय घेतलंत, किती लागलं आणि एकूण खर्च किती, तेवढं लिहा. मला पण करायचीय आता.

---

कृष्णाकाठ

झाली. मागच्या गुरुवारी आली. सविस्तर लिहिते, कारण मीनासारखं आणखी कुणाला करायची असेल.

कारागिरांना मी एक अट घातली होती: कापड चढवायच्या आधी कच्च्या खुर्चीत बसायचं. ब्लाउजची ट्रायल घेतो तसंच. पहिल्या ट्रायलला सांगाडा, बेल्ट आणि स्पंज एवढंच होतं. कोल्हापूरच्या दादांनी सांगितलं तसं कोपरा धरून उचलून पाहिलं, पिळ नव्हता. बसले तर उंची बरोबर, खोली बरोबर, पण खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच उंच. डोळ्याला दिसत नव्हतं, कोपराला लागत होतं. त्यांनी आधी मानलं नाही, मग स्वतः टेप लावली आणि काही न बोलता रंधा घेतला. दुसऱ्या ट्रायलला पाठीत कमरेशी पोकळी वाटली, तिथे पाऊण इंचाचा स्पंजाचा पट्टा घातला. त्या दिवशी मी त्या कच्च्या, पिवळ्या स्पंजाच्या खुर्चीत अर्धा तास बसले होते. वर्कशॉपमध्ये करवत चालू होती, भुसा उडत होता. दोन्ही तळवे जमिनीवर, पाठ पूर्ण टेकलेली, खांदे खाली. हे तिन्ही एका वेळी माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालेलं मला आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं. कारागीर म्हणाले, भुसा गेला असेल, पंख्याखाली बसा. मी काही बोलले नाही.

पाठ सात इंचांनी वाढवली, डोकं टेकतं. त्यामुळे क्लब चेअर म्हणावं का, माहीत नाही. हातांचा गोलवा मात्र मी सोडला नाही, कारण जीव त्याच्यावरच होता. फक्त जाडी ८ ऐवजी ५ इंच ठेवली, म्हणून सगळी मिळून रुंदी ३० इंच झाली आणि जिन्यातून वळते. पाय पुढून मोकळे, ५ इंचांचे.

कापड जाड सुती-पॉलिस्टर मिश्र, विटकरी रंगाचं, ५४ इंच पन्ह्याचं. साडेपाच मीटर लागलं, ६४० रुपये मीटरने ३,५२०. बैठकीची गादी सुटी आहे, खोळीला चेन आहे. हातांवर घालायला त्याच कापडाच्या दोन टोप्या शिवून घेतल्या, कारण मळतं ते तिथेच. सांगाडा, स्पंज, मजुरी, पॉलिश धरून कारागिरांनी १९,५०० घेतले. मिरजेहून टेम्पो ७००. एकूण २३,७२०. उरलेल्या पैशांत खिडकीशी वाचनाचा दिवा लावला.

एक चूक झाली तीही लिहिते. बेल्टच्या खाली धूळ अडवायला काळं कापड मारतात, ते पूर्ण बंद करून घेतलं. पुराच्या भागात ते एका बाजूने तरी वेल्क्रोने उघडं हवं होतं, आत ओल राहिली तर वाळवता येतं. आता पुढच्या महिन्यात ते उघडून घेणार आहे.

आणि रविवारी आम्ही उचलायची तालीम केली. गादी मी आधी वर नेऊन ठेवली, मग सांगाडा दोघांनी धरला. वजनकाट्यावर १९ किलो भरला होता. ह्यांनी पाठीकडून, मी पायांकडून. जिन्याच्या वळणावर एकदा उभी करावी लागली. अकरा पायऱ्या, सहा मिनिटं, मधे एकदा दम खाल्ला. वर नेऊन ठेवली आणि वरच्याच खिडकीशी तासभर बसून वाचलं, मग खाली आणली. जूनपासून मात्र ती वरच ठेवायची असं ह्यांचं म्हणणं आहे. पुलाजवळचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा देतात. आम्ही ३५ लाच उचलायची असं ठरवलंय.

मीना, तू तुझी मापं इथे टाक. तुझं ५ फूट आहे, पण तेवढ्यावरून काही कळणार नाही. पाय लांब असतील तर खोली वेगळी येईल. आधी ट्रंक आणि रद्दी.